लॅपटॉपवरचा तो छोटा स्टिकर

तुमच्या घरातल्या लॅपटॉपवर, टाइप करताना हात टेकतो तिथे, एक छोटासा स्टिकर आहे का? बघा बरं. बऱ्याच जणांकडे त्यावर 'इंटेल' असेल, काहींकडे 'एएमडी'. लॅपटॉप मात्र एचपीचा, डेलचा नाहीतर लेनोवोचा!

मी इंग्रजी घेऊन बीए केलेली मुलगी, चिपशी माझा काय संबंध? पण धाकट्या भावाच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. बाबांनी त्यासाठी ५०,००० रुपये वर्षभर साठवले होते. दुकानदाराने स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हाच घ्या, डोळे झाकून." तेव्हा आई पटकन म्हणाली, "मिक्सरच्या आत मोटर कुणाची आहे, ते कधी कुणी बाहेर चिकटवतं का हो?"

खरंच की! आम्ही त्या दिवशी काही न घेता परतलो आणि रात्री मी वाचत बसले.

१९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीत इंटेलची ८०८८ ही चिप घेतली. पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायला आयबीएम तयार नव्हती. म्हणून इंटेलच्या डिझाइनच्या चिप बनवायची परवानगी एएमडीलाही मिळाली. आज जे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी, ते असे जोडीला आले. मग १९९१ मध्ये आला 'इंटेल इनसाइड'. कंपन्यांनी आपल्या जाहिरातीत हा लोगो दाखवला, की जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल उचलायची. म्हणजे तो स्टिकर क्वालिटीचा शिक्का नाही, जाहिरात आहे. यात गैर काहीच नाही, फक्त आपल्याला ते माहीत हवं.

खरी गोष्ट पुढेच आहे. २००९ मध्ये युरोपियन कमिशनने इंटेलला तब्बल १०६ कोटी युरोंचा दंड केला. आरोप असा, की जवळपास सगळ्या चिप आमच्याकडूनच घ्या, तरच सूट मिळेल, अशी अट इंटेलने मोठ्या कंपन्यांना घातली. कमिशनने दिलेलं एक उदाहरण वाचून मी ते पुन्हा वाचलं. एएमडीने एका कंपनीला १० लाख चिप फुकट देऊ केल्या होत्या. फुकट! कंपनीने घेतल्या फक्त १,६०,०००. सगळ्या घेतल्या असत्या तर बाकीच्या लाखो चिपवरची इंटेलची सूट गेली असती.

इंटेल कोर्टात गेली. २०२२ मध्ये तो दंड रद्द झाला आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही ते कायम ठेवलं. सुटीमुळे स्पर्धेला धक्का बसला, हे कमिशनला नीट सिद्ध करता आलं नव्हतं. मात्र एएमडीच्या चिपचे कॉम्प्युटर बाजारात उशिरा आणण्यासाठी किंवा आणूच नयेत म्हणून इंटेलने काही कंपन्यांना पैसे दिले, हा भाग टिकला. त्यासाठी २०२३ मध्ये नव्याने दंड लावला गेला.

मला हाच भाग सगळ्यात जास्त खटकतो. दुकानात समोर चार लॅपटॉप मांडलेले असतात, आपण आपल्या पसंतीने निवडतो. पण पाचवा तिथे आलाच नाही, हे आपल्याला कळणार कसं?

आता तुम्ही खरेदीला जाल तेव्हा स्टिकरवरच्या नावावर थांबू नका. चिपचा पूरा मॉडेल नंबर विचारा, ती कोणत्या वर्षीची आहे ते विचारा, आणि त्याच किमतीत दुसऱ्या कंपनीच्या चिपचा लॅपटॉप दाखवायला सांगा. आणि हो, २००६ पासून बरीच वर्षं ॲपलच्या मॅकमध्येही इंटेलचीच चिप असायची. त्यावर स्टिकर मात्र कधीच नव्हता.