हत्तीचा संप

मध्यमवर्गीय माणूस सहलीला दोनच कारणांसाठी जातो. एक, मुलं हट्ट करतात म्हणून. आणि दोन, शेजारचे जाऊन आलेले असतात म्हणून. आमच्या बाबतीत ही दोन्ही कारणं एकाच आठवड्यात उपटली. समोरच्या ब्लॉकमधली मंडळी राणीच्या बागेतले पेंग्विन पाहून आली, त्यांनी ते मोबाइलवर आमच्या मुलांना दाखवले, आणि त्या रात्री जेवताना आमच्या घरात पेंग्विन सोडून दुसरा विषय निघाला नाही. मी म्हणालो, "मोबाइलवर बघितलेत ना? मग झालं तर!" त्यावर आमच्या हिने माझ्या पानात भाजी अशी काही वाढली, की वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आपला चेक न वटता परत आल्याचं वेगळं सांगावं लागलं नाही.

तारीख ठरली २३ डिसेंबर २०२३. महिन्याचा चौथा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात ही गोष्ट २०१५ सालापासून आमच्या ग्राहकांच्या काही लक्षात राहत नाही. घरच्यांच्या मात्र ती पक्की लक्षात आहे.

आणि अचानक अण्णा म्हणाले, "मी पण येतो."

आम्ही सगळे चपापलोच. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षं त्र्याहत्तर. लालबागची खोली सोडून डोंबिवलीला आल्यापासून ते 'मुंबईला' जातात ते फक्त कुणाच्या लग्नाला, नाही तर दहाव्याला. पेंग्विन या दोन्हींत बसत नव्हता.

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे आधी अंदाजपत्रक केलं. एका जुन्या पे-इन स्लिपच्या पाठीवर प्रवास, तिकिटं, खाणं अशी खाती पाडली आणि शेवटी 'संकीर्ण' म्हणून शंभर रुपये धरले. संकीर्ण म्हणजे मुलांचा हट्ट. तो शंभरात बसवायचा, असं मी मनाशी ठरवलं. बसेल की नाही हे मुलांना विचारलं नव्हतं.

हिने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी असा डबा घेतला. शिवाय पाच स्वेटर घेतले. "पेंग्विन म्हणजे बर्फातला पक्षी. तिथे एसी असतो म्हणे. मुलांना सर्दी झाली तर?" डिसेंबर असला तरी डोंबिवलीला त्या सकाळी मला घाम येत होता, पण स्वेटरची पिशवी मीच धरायची असल्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. डब्याचं म्हणाल तर डोंबिवलीला गाडीत चढलेला डबा मुलुंडलाच संपला. भायखळ्याला आम्ही उतरलो ते रिकामा डबा आणि भरलेली स्वेटरची पिशवी घेऊन.

फाटकाबाहेर एक फेरीवाला कापडी पेंग्विन घेऊन बसला होता. आमची कन्या तिसरीत आहे. ती त्याच्यासमोर जी थांबली ती थांबलीच. मी लांबूनच किंमत विचारली. अडीचशे! संकीर्ण खात्यात शिल्लक शंभर. मी अत्यंत शांतपणे तिला म्हणालो, "अगं, ते विकायचे नसतात. आत खरे पेंग्विन आहेत हे लोकांना कळावं म्हणून जाहिरातीसाठी ठेवलेत."

कन्येने मान डोलावली. पण माझ्या मागे अण्णा एकदम हसले. अण्णा सहसा हसत नाहीत. मी वळून पाहिलं, तर ते घाईघाईने चष्मा पुसत होते.

तिकिटाच्या खिडकीवर मात्र माझं शिक्षण कामी आलं. २०१७ साली इथले दर वाढले तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, लहानांना २५ आणि आई-बाप अधिक दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला मिळून १०० असा हिशेब झाला. म्हणजे आमचे एकरकमी पन्नास रुपये वाचले. मी हे मोठ्याने जाहीर केलं. रांगेतल्या दोघातिघांनी आदराने पाहिलं. हिने पाहिलं नाही. अण्णा चौकोनात बसत नव्हते. "माझं मी बघतो," म्हणाले.

ही बाग १८६२ सालची. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन, म्हणून लोकांच्या तोंडी राणीची बाग. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं गेलं. पाटी बदलली तरी लोक राणीची बागच म्हणत राहिले. आमच्या बँकेचंही असंच आहे. दोन बँका एक होऊन पाटी बदलली, तरी पेन्शनर मंडळी अजून जुन्याच नावाने पासबुक भरायला येतात.

पेंग्विनच्या इमारतीत शिरताच हिने सर्वांच्या अंगात स्वेटर चढवले. शिरल्यावर कळलं, की सोळा-अठरा अंशांची ती थंडी काचेच्या पलीकडे, पेंग्विनांपुरती आहे. काचेच्या अलीकडे माणसांची गर्दी होती आणि त्या गर्दीत स्वेटर घातलेलं एकच कुटुंब होतं. लोक थोडा वेळ पेंग्विन बघत आणि थोडा वेळ आम्हाला.

तेवढ्यात सहावीतल्या चिरंजीवांनी ज्ञान पाजळलं. हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन इथे आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना दाखवायला लागले. "म्हणजे आई, हे बर्फातले नाहीतच," चिरंजीव म्हणाले. ही म्हणाली, "मग इतकं गार कशाला ठेवलंय?" आणि हे तिने माझ्याकडे बघून विचारलं, जणू वातानुकूलनाचं खातं माझ्याकडे आहे.

पेंग्विन मात्र मला मनापासून आवडले. काळा कोट, पांढरा शर्ट, आणि दहा जण एका जागी उभे असूनही काम कुणीच करत नाही! त्यातल्या एकाने पाण्यात उडी मारली. बाकीच्यांनी ती नीट पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला शनिवार असूनही शाखेत आल्यासारखं वाटलं.

अण्णांचं पाहणं वेगळं होतं. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांना प्रत्येक प्राण्यात कामगार दिसतो. "यांची पाळी किती तासांची?" त्यांनी पेंग्विनांबद्दल विचारलं. पाणघोडा डोळे मिटून पाण्यात पडला होता. त्याला पाहून म्हणाले, "याची रात्रपाळी झालेली दिसतेय." चिरंजीव म्हणाले, "हो आजोबा, पाणघोडा रात्रीच चरतो." अण्णांनी "मग झोपू दे त्याला" म्हणून आम्हा सगळ्यांना तिथून हलवलं. पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात माणसांनाच आत फिरायला सोडतात. तिथे ते बराच वेळ वर बघत राहिले. म्हणाले, "हे बरं आहे. निदान साहेब आपल्यात येऊन फिरतो."

दुपारी आम्ही परत फिरलो. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या बाजूला एक दगडी हत्ती उभा आहे. मोठा, काळा आणि जागोजागी सांधलेला. कन्येने त्याच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "बाबा, तू लहानपणी इथे हत्तीवर बसला होतास?"

मी म्हणालो, "नाही."

"का?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा दगडी हत्तीकडे पाहत होते.

तो डिसेंबरच होता. १९८२ चा. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या चाळीत सगळ्यांचे बाप दिवसभर घरी होते. आम्हा पोरांना ही चैन वाटायची. आई खानावळीचे डबे करत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या काचेच्या झाल्या होत्या, हे मला आज आठवतं; तेव्हा दिसत नव्हतं. मी पाच वर्षांचा होतो. राणीच्या बागेत हत्तीवर बसायला मिळतं हे कुणीतरी सांगितलं, आणि मी असा काही हट्ट धरला की शेवटी अण्णा मला घेऊन लालबागहून चालत निघाले.

बागेत खरंच हत्ती होता. पाठीवर पोरं बसलेली, आणि तो डुलत चाललेला. मी अण्णांचा हात ओढला. "अण्णा, बसू या ना!"

अण्णा क्षणभर थांबले. म्हणाले, "आज नाही. हत्ती संपावर गेलाय."

"पण तो बघा ना, तो पोरांना घेऊन चाललाय!"

"तो?" अण्णांनी जरा विचार केला. "तो फुटीर आहे. फुटिराच्या पाठीवर आपण बसायचं नाही."

मला ते ताबडतोब पटलं. त्या वर्षी आमच्या चाळीत फुटीर या शब्दापेक्षा मोठी शिवी नव्हती. मी त्या हत्तीकडे पाठ फिरवली. जाताना त्याला जीभसुद्धा काढून दाखवली. पुढे पहिलीत बाईंनी हत्तीबद्दल दोन वाक्यं सांगायला सांगितली, तेव्हा मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "हत्ती हा मोठा प्राणी आहे. तो सध्या संपावर आहे." वर्गात कुणी हसलं नाही. बाईही हसल्या नाहीत. शाळा लालबागची होती. निम्म्या वर्गाचे बाप घरी बसलेले होते.

तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. तो नुसता विरत गेला. हजारो लोक परत कामावर गेलेच नाहीत, त्यांत अण्णा. मग त्यांनी कुठे वॉचमनगिरी केली, कुठे हजेरी लिहिली, आणि मला बी.कॉम. केलं. मी बँकेत लागलो त्या दिवशी पेढा तोंडात टाकण्याआधी त्यांनी विचारलं, "युनियन आहे ना?" आहे. २०२१ च्या १६ आणि १७ डिसेंबरला आम्हीही संप केला. दोन दिवसांचा पगार कापला गेला, आणि तेवढ्यावरून मी घरात महिनाभर कुरकुर केली. अण्णांनी ती सगळी ऐकून घेतली. एका शब्दाने काही म्हणाले नाहीत.

हत्ती संप करत नाहीत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी नववीत असेन. पण अण्णांना मी ते कधी विचारलं नाही. ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतो. ही नोंद तिथे चाळीसेक वर्षं पडून होती.

"सांग ना बाबा, का नाही बसलास?" कन्या पुन्हा म्हणाली.

"मी सांगतो," अण्णा म्हणाले. "तेव्हा माझ्या खिशात दोन रुपये होते, आणि घरी जाताना दूध न्यायचं होतं. म्हणून मी त्याला सांगितलं, हत्ती संपावर गेलाय."

"आणि त्याला खरं वाटलं?" कन्या खिदळली.

"हो ना. गुणी पोरगा होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाटेत तू दोनदा विचारलंस, हत्तीचा संप कधी मिटेल म्हणून."

मला हे आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

तेवढ्यात चिरंजीव आपली माहिती घेऊन धावून आले. हा हत्ती घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली याला विलायतेला न्यायचं ठरलं, पण उचलताना हा तुटला आणि इथेच राहिला. पुढे १९१४ साली तुकडे जोडून उभा केला.

"म्हणजे गेला नाही!" अण्णा एकदम खूष झाले. "साहेबाने न्यायचं ठरवलं आणि हा हललाच नाही. बघ रे," ते मला म्हणाले, "मी अगदीच खोटं नव्हतो बोललो. होता एक हत्ती संपावर."

आम्ही फाटकाबाहेर आलो. कापडी पेंग्विन होते तिथेच होते. चिरंजीवांनी एकाला हात लावला. कन्येने त्यांना लगेच मागे ओढलं. "दादा, मागू नकोस. ते विकायचे नाहीयेत. जाहिरातीचे आहेत." आणि शहाण्यासारखी पुढे चालू लागली.

तिने हट्ट केला असता तर मी सहज निभावलं असतं. हट्टाला उत्तर देता येतं. माझ्या थापेवर तिचा विश्वास बसला होता, त्याला काय उत्तर द्यायचं? मी मागे फिरलो आणि घासाघीस न करता अडीचशे रुपये मोजले. घासाघीस न करता मी काही घेतलं, हे पाहून आमच्या हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

कन्या पेंग्विन छातीशी धरून संशयाने माझ्याकडे बघत होती. "बाबा, पण हे विकायचे नव्हते ना?"

वीस वर्षं काउंटरवर बसून मी लोकांना हजार कारणं दिली आहेत. त्या वेळी एकही सुचेना.

"नव्हते," अण्णा म्हणाले. "पण दुपारी संप मिटला त्यांचा."

रात्री मी हिशेब लिहायला बसलो. सगळं जुळलं, फक्त अडीचशे रुपये कुठल्या खात्यावर टाकावेत ते कळेना. संकीर्णमध्ये ते मावत नव्हते. शेवटी पे-इन स्लिपच्या तळाशी वेगळी ओळ घातली: 'हत्तीचं तिकीट, मागील बाकी.' हिने ती वाचली आणि विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "अण्णांना विचार."