पद्मिनीचे अस्तर आणि डोअर पॅडच्या क्लिपा

प्रीमिअर पद्मिनीचा पत्रा सरळ करून रंगवणे हे डेंटर-पेंटरचे काम. तिला आतून मढवणे हे निराळे कसब. पत्र्याला अस्तर लावणे आणि पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा बसवणे ही दोन कामे वेगवेगळी मानली जातात. खरे तर अस्तराच्या जाडीवरच क्लिपेची पकड ठरते, म्हणून दोन्हींचा विचार एकदमच करावा लागतो. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये प्रस्तुत लेखकाच्या पद्मिनीवर काम झाले, तेव्हा हे पावलोपावली जाणवले.

आधी तळपत्र्यावरचा जुना डांबरी थर हीट गनने मऊ करून खरवडतात. त्याखाली गंज असतोच असे धरून चालावे. तो घासून एपॉक्सी प्रायमर मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मग फॉइल लावलेली ब्यूटाइल रबराची शीट. डांबरी शीट स्वस्त पडते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होऊन दारातून सुटते. ब्यूटाइलने सगळा पत्रा मढवणे हा नुसता वजनाचा भार आहे. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पाव ते एक तृतीयांश क्षेत्र झाकले, तरी कंपन बरेचसे मरते. त्यावर पाणी न शोषणारा फोम लावतात. तागाचा नमदा टाळलेलाच बरा. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पत्रा कुजतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके असतात, त्यांवर कोणताही थर येता कामा नये.

हार्डबोर्डचे डोअर पॅड स्प्रिंग स्टीलच्या क्लिपांवर दाराला बसते. फोम जाड झाला की पॅड पुढे येते, क्लिप भोकात पुरती शिरत नाही आणि काच फिरवायच्या हँडलला पॅड घासू लागते. म्हणून क्लिपांच्या भोकांभोवती फोम कापून काढतात.

जुन्या मापाच्या क्लिपा मिळेनाशा झाल्या, तरी भोसरीत त्या बनवून घेता येतात. स्प्रिंगा वळणारे, हीट ट्रीटमेंटवाले आणि प्लेटिंगवाले, सगळे याच पट्ट्यात आहेत. या शेजाराचे मोल शब्दांत सांगण्यापलीकडचे आहे. एक खबरदारी मात्र अटळ: कडक केलेल्या स्टीलवर जस्ताचे प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि क्लिप बसवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटू शकते. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत क्लिपा भट्टीत १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास तापवल्या, तर तो बराचसा निघून जातो. ही पायरी प्लेटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवावी लागते.

पॅड बसवण्यापूर्वी दारावर प्लास्टिकचा कागद चिकटवतात, म्हणजे काचेवरून आत उतरणारे पाणी हार्डबोर्ड फुगवत नाही. त्यानंतर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, प्रत्येक क्लिप भोकासमोर आल्याची खात्री करून, तिच्या नेमक्या जागी तळहाताने दाब देतात. पुढे कधी पॅड काढायचे झाल्यास चिमट्यासारखा दुबेळका पाना क्लिपेच्या अगदी बुडाशी घालून उचकटायचे; मधून ओढले तर हार्डबोर्ड फाटतो.