कवळीबाईंची पाठ

कवळीबाईंना समोरून पाहिलंत तर नाव ठेवायला जागा नाही. लॅबमध्ये फिरत्या चाकावर प्युमिसच्या पुडीनं घासून त्यांचा मुखडा चकचकीत केलेला असतो, आणि तो मिरवायची त्यांना भारी हौस.

खरा स्वभाव कळतो तो उलट्या बाजूनं. टाळूला टेकणारी ही पाठ कारागीर पॉलिश करत नाहीत. केली तर माप बिघडतं आणि पकड सुटते. शिवाय बाई ज्या अॅक्रिलिकच्या घडतात ते शिजवताना घाई झाली असेल तर अंगात बारीक छिद्रंही राहतात. समोर इतक्या नेटक्या बाई पाठीमागं अशा खडबडीत.

पाहुणे नेमके तिथंच येतात. जेमतेम एक मायक्रॉनचा जीवाणू खाचेत शिरला की लाळेचा ओघ आणि जिभेचा दट्ट्या त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यात बाईंची एक सवय अशी की, तोंडात शिरल्यावर काही मिनिटांतच त्या लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पदर अंगावर ओढून घेतात. जंतू तोच पदर धरून वर चढतात.

कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी तर बाईंची जिवलग सखी. दोघींचं गूळपीठ जमलं की वरचा टाळू लालेलाल होतो. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताही लागत नाही. याचीच मला जास्त काळजी वाटते.

खडबडीतपणा किती चालेल? 1990 च्या दशकात संशोधकांनी सीमा मांडली: सरासरी 0.2 मायक्रॉन. त्याच्या वर गेलं की जंतूंची गर्दी वाढते. त्याखाली कितीही घासलं तरी ती आणखी घटत नाही.

या बाबतीत बाईंची आधीची पिढी, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची व्हल्कनाइट कवळी, फारच अघळपघळ होती. तिच्यात वास मुरून बसे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अॅक्रिलिक आलं आणि घराण्याचं रूप पालटलं.

आताच्या बाईंना रागही पटकन येतो. उकळत्या पाण्यात टाकलंत तर तोंड वाकडं करतात, आणि मग पुन्हा नीट बसत नाहीत. रात्रभर कोरड्या ठेवल्या तरी रुसतात, म्हणून निजताना काढून पाण्याच्या वाटीत ठेवायच्या. खरखरीत टूथपेस्ट चोळलीत तर अंगभर ओरखडे, म्हणजे पाहुण्यांना आणखी जागा.

धुवायला घेतल्या की सगळे आधी समोरचे दात उजळतात. बाईंनाही तेच आवडतं. तुम्ही मात्र त्यांना पालथं करा, मऊ ब्रश आणि साधा साबण घ्या, आणि पाठीपासून सुरुवात करा.