दामोदर आणि तात्या

जुलै 1879. गिरगाव बॅक रोडवरच्या एका घरात भर पावसात एक किडकिडीत तरुण शिरतो. अंगात पांढरा रबरी रेनकोट, कानांवर पट्ट्या ओढलेली टोपी, हातात कंदील, आणि लांब नाकाच्या शेंड्यावरून निथळणारे पाणी. कर्नल ऑल्कट यांनी आपल्या आठवणींत त्याचे हे रूप टिपून ठेवले आहे. तरुणाचे नाव दामोदर मावळंकर. अहमदाबादेतल्या सधन कऱ्हाडे घराण्यातला हा एकवीस वर्षांचा मुलगा. लग्न लहानपणीच लावून दिलेले. थिऑसॉफीचा, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गुप्त विद्या पाहणाऱ्या चळवळीचा, इतिहास चाळताना बाकीची मोठी माणसे बाजूला राहतात आणि मन या मुलापाशी घुटमळत राहते.

घर होते मादाम ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कट यांचे. 1875 मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढून ही दोघे 16 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबईला उतरली होती. बाई रशियन, ऑल्कट अमेरिकी वकील आणि तिकडच्या यादवी युद्धातले लष्करी अधिकारी. बाईंचा 'आयसिस अनव्हेल्ड' हा दोन खंडांचा ग्रंथ 1877 मध्ये निघाला होता. तो वाचूनच दामोदर त्यांच्याकडे ओढला गेला. ऑक्टोबरात मुंबईतूनच 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू झाले आणि लवकरच त्याची सारी व्यवस्था हा मुलगा पाहू लागला.

पावसापाण्याची पर्वा न करता त्याने तिथे का जावे? तो ज्या पिढीचा होता, तिच्या मनाला एक जखम होती. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाला घरचे पुराण ऐकताना अवघडल्यासारखे व्हायचे. क्षीरसागर, दहा तोंडांचा रावण, पृथ्वी तोलणारा शेष, यांची मिशनऱ्यांच्या पत्रकांतून टवाळी चाललेली. कॉलेजातले शास्त्र या कथांची दखलही घेत नसे. आजी देवापुढे निरांजन लावून जे सांगे ते खोटे म्हणावे तर आजी दुरावते, खरे म्हणावे तर पुस्तके हसतात. अशा वेळी न्यूयॉर्कहून आलेली एक बाई छातीठोकपणे सांगते, की तुमच्या आजीच्या गोष्टींत हरवलेले ज्ञान दडलेले आहे. ते ओळखण्याची नजर युरोपच्या पंडितांपाशी नाही. त्या मुलांच्या जिवाला किती थंडावा मिळाला असेल! त्यांना भोळे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

ब्लाव्हाट्स्कीबाईंची वाचनाची रीत पाहायची तर दशावतार घ्यावेत. 'आयसिस'मध्ये त्यांनी मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमात जीवसृष्टीच्या उत्क्रांतीची पावले पाहिली. आधी पाण्यातला जीव, मग जलस्थलचर, मग पशू, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग खुजा माणूस. डार्विनचा ग्रंथ निघून तेव्हा अठरा वर्षेच झाली होती. आज आपल्याकडे कीर्तनात, व्याख्यानात, लग्नघरातल्या गप्पांतही ही मांडणी परंपरेने चालत आल्यासारखी ऐकू येते. ती ठळकपणे छापून पुढे ठेवणाऱ्या पहिल्या काही जणांत ही रशियन बाई होती, हे सांगणाऱ्याच्या गावीही नसते.

1888 मध्ये आला 'द सीक्रेट डॉक्ट्रिन'. पहिला खंड विश्वाच्या उत्पत्तीचा, दुसरा मानवाच्या. पुराणकथेच्या कुलपाला सात किल्ल्या लागतात, असे त्यात बाईंचे म्हणणे. एकीने खगोल उघडतो, एकीने मानवी देह, एकीने संख्या. समुद्रमंथन हे पृथ्वी घडण्याआधीच्या विश्वातल्या घुसळणीचे रूपक. नाग म्हणजे ज्ञानी पुरुष. स्वर्गातून आग चोरणारा ग्रीकांचा प्रॉमिथिअस आणि आपले मानसपुत्र एका पंगतीला, कारण दोघांनीही माणसाला बुद्धी दिली. इजिप्त, खाल्डिया, कबाला, विष्णुपुराण, सगळे एकाच मूळ विद्येचे फुटलेले तुकडे. पानामागून पान उलटताना माझी छाती दडपते. जगातल्या सगळ्या देवळांच्या खाली एकच पाया आहे असे वाटून घ्यायला कोणाला आवडणार नाही? हजार ठिकाणी विखुरलेली माणसे एकाच गोष्टीचे बोट धरून निघाली आहेत, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते.

पण याच ग्रंथाशी माझे भांडणही आहे. त्याचा आधार 'ज्यान'चे श्लोक. ते सेन्झार नावाच्या भाषेतले, आणि ती भाषा जगातल्या कोणत्याही भाषापंडिताला माहीत नाही. विष्णुपुराण बाई वापरतात ते विल्सनच्या इंग्रजी भाषांतरातून. मानवजातीचा इतिहास त्या मूळ वंशांच्या उतरंडीत बसवतात, त्यात काही माणसे पुढची आणि काही मागे राहिलेली ठरतात. विश्वबंधुत्व हे ज्या संस्थेचे पहिले उद्दिष्ट, तिच्या घरात ही उतरंड शोभत नाही. थिऑसॉफी बुद्धाच्या शिकवणीतही गुप्त विद्या पाहत होती; मॅक्स म्युलरनी 1893 मध्ये त्या शिकवणीत असे गुप्त काही नव्हतेच, असे खणखणीतपणे लिहिले. मला ते पटते.

याहून मोठे भांडण वेगळे आहे. पुराणाला रूपक म्हणून वाचणे आपल्याला नवे नव्हते. एकनाथांनी विंचवाच्या भारुडात कामक्रोधाची नांगी दाखवली, ती पैठणच्या भर चौकात. ऐकायला बाया होत्या, पोरे होती, ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले जात नव्हते ते होते. अर्थ तिथल्या तिथे सगळ्यांच्या पदरात पडत होता. थिऑसॉफीने अर्थाला मान दिला आणि त्याच हाताने तो हिमालयापलीकडे, तिबेटातल्या अदृश्य महात्म्यांच्या स्वाधीन केला. तिथून पत्रे येणार, निवडक लोकांना येणार, बाकीच्यांनी वाट पाहायची.

दामोदरने वाट पाहिली नाही. वडिलार्जित संपत्तीतला वाटा त्याने सोडला. 'थिऑसॉफिस्ट'च्या मे 1880 च्या अंकात जातिभेदावर लेख लिहून आपण जात सोडल्याचे जाहीर केले. घरची माणसे तुटली. 1882 च्या अखेरीस सोसायटी मद्रासजवळ अड्यारला गेली, तोही गेला. नोव्हेंबर 1883 मध्ये जम्मूत तो अचानक दिसेनासा झाला आणि दोन-तीन दिवसांनी परतला. ऑल्कट लिहितात, हाडकुळा पोरगा धट्टाकट्टा होऊन आला होता. पुढे महात्म्यांची पत्रे बनावट असल्याचे आरोप झाले, लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसनला चौकशीला पाठवले, आणि त्याने आपल्या अहवालात दामोदरलाही बनावात सामील ठरवले. पण तो अहवाल बाहेर पडण्याआधीच, फेब्रुवारी 1885 मध्ये, दामोदर बोटीने कलकत्त्याला आणि तिथून दार्जिलिंगला निघाला होता. सिक्कीममधून त्याने सामान परत पाठवले. त्याची डायरी एप्रिलमध्ये संपते. मग बर्फात गोठलेल्या देहाची बातमी आली, ऑल्कटनी ती खरी मानली नाही. वय सत्तावीस. फसवणारा माणूस नाजूक तब्येत घेऊन, एकटा, त्या बर्फाच्या वाटेला लागेल असे मला वाटत नाही. सांगितलेल्या गोष्टीवर त्याचा पुरा विश्वास होता.

त्याच सोसायटीत, त्याच मुंबईत, आणखी एक मराठी माणूस होता: तुकारामतात्या पडवळ, कापसाच्या व्यापारातले. 1861 मध्ये 'एक हिंदू' या नावाने त्यांनी 'जातिभेद विवेकसार' लिहिले होते, आणि त्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली होती. असा माणूस थिऑसॉफीत आला तो गुप्त विद्येच्या मागे निघून जाण्यासाठी नव्हे. त्यांनी बंद पोथ्या उघडायला घेतल्या. पतंजलीची योगसूत्रे इंग्रजीत, ऋग्वेद सायणभाष्यासह, आणि 1889 मध्ये तुकोबांची गाथा. शहरात धर्मार्थ होमिओपॅथी दवाखानाही चालवला. ज्या वेदाचा एक शब्दही कानी पडू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पहारे होते, तो छापून बाजारात ठेवणारा हा ब्राह्मणेतर मुंबईकर सोसायटीचा सभासद होता. कोणत्याही महात्म्याच्या पत्रापेक्षा हे काम मला मोठे वाटते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. सोसायटीत ॲनी बेझंट आल्या, होमरूल झाले, 1929 मध्ये कृष्णमूर्तींनी हॉलंडमधल्या ओमेन येथे स्वतःभोवती उभारलेला संघ स्वतःच मोडला. या मोठ्या नावांवर ग्रंथ आहेत. 1898 मध्ये वारलेल्या तात्यांचे नाव मात्र गाथेच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी घेत नाही. मराठीत शिकणाऱ्या एखाद्या तरुणाने त्यांचे 'विवेकसार', त्यांचा ऋग्वेद आणि त्यांची गाथा एकत्र मांडून बसावे, आणि या माणसाचे चरित्र लिहायला घ्यावे.