शाराकूचे नट: उएनोत आणि गिन्झात

टोकियोतल्या उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर, उकियो-ए चित्रांचं दालन आहे. उजेडाने रंग उडतात, म्हणून इथली छापचित्रं सतत बदलतात. १७९४ च्या मे महिन्यात उगवलेला आणि दहाएक महिन्यांत १४० च्या वर चित्रं देऊन नाहीसा झालेला शाराकू काबुकी नाटकांतल्या नटांच्या चित्रांसाठी गाजला. त्याने काढलेला नट ओतानी ओनिजी जगभर ओळखीचा: मागे अभ्रकाची चमक, आवळलेले ओठ, पुढे काढलेली मान आणि अंगरख्यातून बाहेर आलेले, बोटं फाकलेले इवलेसे हात. लोक त्यात एका माणसाचं काळं मन वाचतात. मला ते पटत नाही. ओनिजी इथे नाटकातल्या एदोबेई नावाच्या गुंडाच्या भूमिकेत आहे, आणि हा गुंड इप्पेई या दुसऱ्या पात्राचे पैसे लुटायला निघालाय. तलवारीला हात घातलेला इप्पेई शाराकूने वेगळ्या कागदावर काढला आहे. प्रसंगाचा अर्धाच भाग भिंतीवर टांगला की नाटक गळून पडतं.

कोणी म्हणेल, तेव्हाही हे कागद सुटेच विकले जात. खरं आहे, पण प्रकाशक त्सुताया जुझाबुरोचं गिऱ्हाईक नाटकवेडं होतं. नट इचिकावा एबिझोच्या विटकरी अंगरख्यावर एकात एक तीन चौकोन दिसले की त्याला घराणं सांगावं लागत नसे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: रंगमंचच टिपायचा होता, तर शाराकू टिकला का नाही? समकालीन लेखक ओता नानपोच्या टिपणात कारण आहे: शाराकूने फार खरं काढलं. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांचा रंगाखालचा राकट जबडा त्याने लपवला नाही. चाहत्यांना तो कशाला हवा? त्यांच्यासाठी चित्रकार तोयोकुनीचे देखणे नट होतेच. पण तो जबडाही प्रेक्षकांना रंगमंचावर दिसणाराच होता, नटाच्या अंतरंगातला नव्हे.

उएनोहून हिबिया लाइनने हिगाशी-गिन्झाला उतरलं की स्टेशनातूनच काबुकी-झा या नाट्यगृहात जाता येतं. तिथे ऐन प्रसंगी नट 'मिए' घेतो. लाकडी ठोकळे फळीवर कडाडतात, तो थिजतो, डोळे तिरळे होतात आणि वरून त्याच्या घराण्याच्या नावाने आरोळी येते. चित्रांतली ती विचित्र नजर इथे डोळ्यांदेखत घडते. म्हणून टोकियोला जाणार असाल, तर आधी काबुकी-झा करा, मग उएनो. पूर्ण खेळाला वेळ नसेल, तर चौथ्या मजल्यावरून एकच अंक पाहायचं स्वस्त तिकीटही मिळतं.