पिकअपचा परका मीटर

आमच्या शेतावरील पिकअपचा मीटर गेल्या उन्हाळ्यांत मुका झाला, तेव्हां मिस्त्रीनें भंगारांतून दुसऱ्या सालच्या गाडीचा मीटर आणला. चौकट तंतोतंत बसली. तरी आम्हीं त्याला थांबविलें. जुन्या गाड्यांत वेगाचा कांटा गिअरबॉक्सकडून आलेल्या तारेनें फिरे; नव्यांत तो विजेच्या संदेशावर चालतो. इंधनाच्या टाकींतील फ्लोटचा विद्युत्-रोध परक्या मीटरशीं जुळला नाहीं, तर रिकामी टाकी अर्धी भरलेली दिसूं शकते. शहरांत ही थट्टा ठरेल; पण १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, आलापल्लीहून सिरोंच्याकडे सुमारें १०० किलोमीटर जातांना, रात्र रानांत काढण्याची ती तयारीच होय.

याहून गंभीर गोष्ट अंतराच्या आंकड्याची. पुष्कळ नव्या गाड्यांत तो मीटरच्याच स्मृतींत असतो; मीटर बदलला कीं गाडीचा इतिहासही बदलतो. २ लाख किलोमीटर धांवलेली गाडी ४० हजारांची म्हणून मिरवते, आणि कर्ज काढून ती घेणारा फसतो. आमच्या मतें दुरुस्ती करण्यांत कांहीं गैर नाहीं. आंकडा लपविण्यांत आहे. म्हणून टाकी रिकामी असतां व भरल्यावर, दोन्ही वेळां आम्हीं कांटा पारखला. मग दोन्ही मीटरांचे आंकडे, तारीख व मिस्त्रीची सही एका कागदावर घेऊन तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवला. उद्यां गाडी विकली, तर तो कागदही तिच्याबरोबर जाईल.