कॅल्वसचा उपास



नातू शिकायला पुण्याला गेला आणि त्याची काचेची पेटी आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये राहिली. त्यात एकच मासा आहे, कॅल्वस. कुर्ल्याहून आणलेला. मला आधी विचारलं असतं तर आणू दिला नसता.

मूळचा हा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा. ते सरोवर जवळजवळ दीड किलोमीटर खोल आहे. हा मात्र काठच्या खडकांत राहतो. अंगाने उभ्या पापडासारखा चपटा, त्यामुळे अरुंद फटीत अलगद शिरतो आणि आत लपलेली माशांची पिल्लं, बारीक झिंगे टिपतो. धावपळ नाही, घाई नाही. उकडलेले मटार घालून पाहिले. त्याने ढुंकून पाहिलं नाही.

जिवंत गप्पी या घरात येणार नाहीत, ही अट मी पहिल्याच दिवशी घातली. म्हणून सुक्या गोळ्या. पण चष्मा लावून डबा वाचला तर त्यातही माशांची भुकटी! म्हणजे जमाखर्च काही जुळत नाही. डबा स्वयंपाकघरात ठेवत नाही, एवढंच.

मंदिरात एकीने सुचवलं, "ताई, कल्याणच्या काळा तलावात सोडून द्या, पुण्य लागेल." मला आमच्या माहेरची विहीर आठवली. पाणी गाळलं की आई गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडायची. दुसऱ्या पाण्यात कधी नाही, कारण तिथे ते जीव मरतात. या माशाला क्षारांचं जड पाणी लागतं. नातवाने त्यासाठी शिंपल्यांचा चुरा घातलाय. आपल्या पावसाच्या मऊ पाण्यात तो तगला नाही तर त्याची हिंसा, आणि तगला तर तिथल्या पिल्लांची. चिलापी याच कुळातली, तीही आफ्रिकेचीच. 1952 साली ती भारतात आणली, आणि आज उजनीच्या जाळ्यांत काय भरतं ते आमच्या सोलापूरकडच्या कोणालाही विचारा.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. चतुर्दशीला माझा उपास, म्हणून त्यालाही काही घातलं नाही. मनात म्हटलं, निदान एक दिवस तरी याच्यासाठी कोणी मरायला नको. पुढे दशलक्षणात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकताना अहिंसाणुव्रताचे अतिचार आले: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. पहिला अतिचार तर काचेत रोजच चालू होता. शेवटचा मी धर्म समजून केला होता. उपास आपल्या इच्छेचा असतो. त्याला कोणी विचारलं होतं?

नातवाला फोनवर सांगितलं तर हसला. "आजी, एखादा दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही गं." नसेल होत. प्रश्न माझ्या हाताचा होता.

हा मासा दहा वर्षंसुद्धा जगतो म्हणे. मी आता सदुसष्ट. दर आठवड्याला पाव पाणी बदलते, ते गच्चीतल्या तुळशीला जातं. नातू विचारत होता, एकटा आहे बिचारा, जोडीदारीण आणू का? नको म्हटलं.

गेल्या चतुर्दशीला माझा निर्जळ उपास होता. सकाळी सामायिक झाल्यावर त्याला चार गोळ्या घातल्या आणि हात धुतले.